चड्डीवरचा पूर्ण पत्ता

ज्या वस्तूवर मालकाचे नाव नाही ती वस्तू मालकाची नाही, आणि ज्या समाजात वस्तूंवर नावे घालण्याची शिस्त नाही तो समाज इतिहासात फार काळ टिकलेला नाही, असे टेकचंद गोमाजी कापगते यांचे ठाम मत होते. हे मत त्यांना १९७८ सालच्या आषाढातल्या एका मंगळवारी, कचेरीत सकाळी साडेदहाला सुचले. त्या वेळी त्यांच्या अंगात धुण्यातून बदलून आलेली, शेजारच्या भैय्यालालची चड्डी होती.

भैय्यालाल पोटाने उदार माणूस. त्याची चड्डी टेकचंदांना कमरेवर राहीना, आणि रजा विभागातल्या कारकुनाला दिवसातून चाळीस वेळा कपाटाशी उठावे लागते. त्या दिवशी टेकचंद एका हाताने फाइल काढत होते आणि दुसऱ्या हाताने समाज सावरत होते. घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा न घेता ठरवले की, आता या प्रकरणाची व्यवस्था लावायची.

व्यवस्था लावणे हा टेकचंदांचा स्वभावच होता. सतरा वर्षे ते जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत रजेचे अर्ज तपासत होते. 'प्रकृती अस्वास्थ्य' एवढेच लिहिलेला अर्ज त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही. 'रोगाचे नाव, स्वरूप व शरीरातील स्थान स्पष्ट नमूद करावे' असा एक रबरी शिक्काच त्यांनी हौसेने करवून घेतला होता. तो ते इतक्या प्रेमाने मारत की टेबल हले. मूळव्याधीची भली भली माणसे त्या शिक्क्यापुढे वाकली होती.

टेकचंद राहत त्या क्वार्टरांच्या ओळीत कपडे धुणारा श्यामलाल. दर गुरुवारी सायकलवर गाठोडे लादून येई. कपड्यांना खूण करण्याची त्याची रीत बापजाद्यांची होती. बिब्बा निखाऱ्यावर जरासा गरम करायचा, त्याला सुई टोचायची, टोकाला काळे तेल आले की कपड्याच्या कोपऱ्यात एखादा टिपका, एखादी रेघ ओढायची आणि वरून चुना लावायचा. कपडा फाटेल, पण ती खूण जाणार नाही. एक टिपका दोन रेघा म्हणजे कापगते. दोन टिपके एक रेघ म्हणजे भैय्यालाल.

"उद्या तू मेलास तर हे टिपके कोण वाचेल?" टेकचंदांनी विचारले. कारकून झाल्यापासून ते शुद्ध बोलत.

"मी मेलो तं कपडे कोन धुवन, बाबूजी? वाचाचं कामच नाही."

हे उत्तर बरोबर असल्यामुळे टेकचंदांनी ते फेटाळले, आणि एक कागद पुढे केला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: टे. गो. कापगते, क्वा. नं. ११७, टाइप दोन, जवाहरनगर, जि. भंडारा.

श्यामलालला वाचता येत नव्हते. पण अक्षरे मोजता येत होती. "हे सगळं?"

"सगळं."

"कोपऱ्यात नाही मावत जी."

"मग कोपऱ्यात नको. समोर, नेफ्याखाली, मधोमध. आणि आतल्या बाजूने. दोरीवर वाळताना लोकांनी आपला पत्ता वाचावा असं काही नको. सभ्य वस्ती आहे."

श्यामलाल जरा वेळ त्या चड्डीकडे आणि जरा वेळ टेकचंदांकडे बघत राहिला. "बाबूजी, बिब्बा आहे जी हा. एवढा नाही लावत कोनी. एखाद्याले उतते, आंग सुजते."

"शिस्तीने आजपर्यंत कोणाला काही झालेलं नाही," टेकचंद म्हणाले.

टेकचंदांच्या पत्नी रत्नाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आवो, माह्ये परकर तं राहू द्या."

"एक अपवाद केला की व्यवस्था मोडते," टेकचंद म्हणाले. सहा चड्ड्या आणि चार परकर पत्त्यासाठी रवाना झाले.

पुढच्या गुरुवारी कपडे आले. अक्षरे सुरेख होती; श्यामलालने ती चित्रासारखी काढली होती. टेकचंदांनी दहाही कपडे तपासून पाहिले आणि त्यांना समाजाच्या भवितव्याविषयी बरे वाटले.

शनिवारी दुपारी त्यांना खाजले.

कुठे, हे सांगणे भाग आहे. नाहीतर पुढचे काहीच समजणार नाही. नाडीच्या खाली आणि मांडीच्या वर माणसाच्या शरीराचा एक प्रदेश आहे. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत तो कोरा सोडलेला असतो. तेथे. प्रथम नुसती चुणचुण. रविवारी लाली. सोमवारी बारीक पुरळ, मग पाण्याचे फोड, आणि अशी आग की वेताच्या खुर्चीत बसणे म्हणजे चुलीवर बसणे. टेकचंद एका कुशीवर बसू लागले, मग दुसऱ्या कुशीवर, मग उभ्याने शिक्के मारू लागले. खाजवावे तर समोर चार टेबले. त्यांनी हात खिशात घालून काम भागवायचा प्रयत्न केला. पण सतरा वर्षांत त्यांना खिशात हात घातलेले कोणी पाहिले नव्हते. हेडक्लार्क भैय्याजींनी विचारले, "काय सापडत नाही का, कापगते?"

भैय्यालालच्या लक्षात यायला मात्र एक संध्याकाळ पुरली. तो फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होता आणि दुसऱ्याच्या दुखण्यात त्याचा जीव रमे.

"कापगतेजी, काहून असे चालून राहिले? पायात काटा गेला का?"

"नाही. जरा खाज आहे."

"कुठी?"

टेकचंदांनी आयुष्यात पहिल्यांदा स्थान चुकीचे नमूद केले. "पाठीला," ते म्हणाले.

भैय्यालाल घरात गेला आणि गजकर्णाच्या मलमाची डबी घेऊन आला. टेकचंदांनी ती घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "वा जी, पाठीले तुमचा हात पुरते का? काढा बनियन. वळा."

अशा रीतीने टेकचंदांच्या पूर्ण निरोगी पाठीवर चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, भैय्यालालने स्वतःच्या हाताने मलम चोळले. तो चोळताना म्हणे, "फरक आहे बरं का, पुरळ दिसतच नाही आता." पाचव्या दिवशी डबी बाहेरच विसरून तो आत गेला, तेव्हा टेकचंदांनी बोटभर मलम न्हाणीत नेले आणि योग्य ठिकाणी लावले. गंधकाचे मलम होते. पुढची वीस मिनिटे ते क्वार्टरमागच्या भेंडीच्या वाफ्याभोवती वेगाने फेऱ्या मारत होते. भैय्यालालची बायको बेबीबाई कुंपणापलीकडे भांडी घासत होती. तिने अकरा फेऱ्या मोजल्या आणि विचारले, "भाऊजी, कोन्या देवाचं आहे हे?"

आता डॉक्टरशिवाय गत्यंतर नव्हते. ओळखीचा डॉक्टर नको म्हणून टेकचंद बसने भंडाऱ्याला गेले आणि बाजारातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांपुढे उभे राहिले. बसा म्हटल्यावर बसले नाहीत.

"मांडीला खाज आहे."

"दाखवा."

टेकचंदांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. डॉक्टरांनी चष्मा लावून गुडघा पाहिला. "इथं तर काही नाही."

"जरा वर आहे."

"किती वर?"

"साहेब, मी केंद्र सरकारचा नोकर आहे," टेकचंद म्हणाले. "आपण समजून घ्यावं."

डॉक्टर बिचारे सज्जन होते. त्यांनी समजून घेतले; पण समजून घेणे आणि पाहणे यांत फरक असतो. त्यांनी विचारले, साबण बदलला का? नवा कपडा घातला का? कपड्याला काही नवीन लागलं का? टेकचंद अभिमानाने म्हणाले, "उलट, कपड्यांची व्यवस्था आता उत्तम आहे." डॉक्टरांनी पावसाळी खाज धरून गोळ्या दिल्या आणि बजावले की आतला कपडा धुतलेला, कोरडा, दिवसातून दोनदा बदलायचा.

टेकचंदांनी सूचना पाळल्या. सकाळी एक पत्ता, संध्याकाळी दुसरा पत्ता. आठवड्यात त्यांची चाल सोंगाड्यासारखी झाली. मराठीत बिब्बा घालण्याविषयी एक वाक्प्रचार आहे. तो येथे वापरायचा नाही असे आम्ही ठरवले आहे.

आता रजा. टेकचंदांनी सात दिवसांचा अर्ज लिहिला: 'प्रकृती अस्वास्थ्य.' अर्ज टेबलावर ठेवून स्वतःच टेबलामागे गेले, तपासला, आणि त्यांच्या लक्षात आले की हा पुढे पाठवता येत नाही. स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय घेणे नियमबाह्य म्हणून त्यांनी तो हेडक्लार्क भैय्याजींकडे दिला. भैय्याजींनी सतरा वर्षे वाट पाहिली होती. त्यांनी टेकचंदांचाच शिक्का मागून घेतला, त्यावर फुंकर घातली आणि टेबल हलेल असा मारला.

टेकचंदांनी विचार करून लिहिले: रोगाचे नाव, खाज. स्वरूप, तीव्र. स्थान, केंद्रीय.

"केंद्रीय म्हणजे?" भैय्याजींनी मोठ्याने विचारले. "दिल्ली का जी?"

चारही टेबले थांबली. टेकचंदांनी अर्ज परत घेतला, 'केंद्रीय' खोडले आणि अगदी बारीक अक्षरात एक शब्द लिहिला. सही झाली. अर्ज पाच टेबलांवरून गेला. प्रत्येक टेबलाने तो डोळ्यांजवळ धरून वाचला, कारण अक्षर फारच बारीक होते. संध्याकाळची फॅक्टरीची बस टेकचंदांच्या आधी क्वार्टरांच्या ओळीत पोचली, आणि बसमधून तो शब्दही.

यापुढे गोष्ट हसण्यासारखी राहत नाही.

बेबीबाई रत्नाबाईंशी कुंपणावरून काय बोलली ते टेकचंदांना कळले नाही. पण भंडाऱ्याच्या रस्त्यावर भिंतींवर चुन्याने मोठमोठ्या अक्षरांत ज्या रोगांच्या जाहिराती रंगवलेल्या असत, त्या बेबीबाईला तोंडपाठ होत्या. असे रोग पुरुषाला कुठून होतात, हेही तिला ठाऊक होते. आणि आषाढ लागायच्या आधी टेकचंद तीन दिवस नागपूरला ट्रेनिंगला गेले होते.

"नागपुरात कायचं ट्रेनिंग होतं?" रत्नाबाईंनी ताट वाढताना विचारले.

"रजेच्या नियमांचं. सांगितलं होतं."

"हो का."

त्या 'हो का'नंतर घरात बोलणे बंद झाले. रत्नाबाई वाढत, पण ओट्याशी उभ्यानेच जेवत. टेकचंदांनी हा निषेध समजला. रत्नाबाईंनी आपले अंथरूण स्वयंपाकघरात नेले. हाही निषेध. दिवसातून दोनदा न्हाऊ लागल्या. टेकचंदांना वाटले, आपल्या सावलीचाही विटाळ होतो हिला. सोळा वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना 'तुम्ही बरे आहात का' असे कधी विचारले नव्हते, तरी दोघे बरे होते. आता कोणी विचारीना आणि कोणी बरे नव्हते.

टेकचंदांनी पुरावे गोळा केले. बसची तिकिटे, मुक्काम केला त्या बहिणीच्या हातची चिठ्ठी आणि ट्रेनिंगचे सर्टिफिकेट. सगळे टाचणी लावून रत्नाबाईंपुढे ठेवले.

रत्नाबाईंनी सर्टिफिकेट वाचले. "यात खाजेचं काही लिवलं नाही," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "पोळ्याले मी दिघोरीले जाऊन राहिलो. माय एकटी आहे. मंग येतो का नाही, पाहू."

दिघोरी म्हणजे माहेर. पोळा सात दिवसांवर होता.

टेकचंदांनी त्याच दिवशी आसगावची बस पकडली. तेथे त्यांचे ईश्वरकाका धानाची शेती करत आणि चंद्रभागाकाकी बाकी सगळे करत. तेथे जाऊन काय होणार हे टेकचंदांना माहीत नव्हते. पण जेथे कोणी अर्ज मागणार नाही अशी जागा त्यांच्या ओळखीत ती एकच होती.

काकीने काही विचारले नाही. पिशवी हातातून घेतली, उलटी केली, सगळे कपडे पावसाने दमट झालेले पाहून टोपलीत टाकले आणि काकांचे जुने धोतर समोर फेकले. "हे नेस. पोरासारखा उभा काहून? बस."

टेकचंद बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले की आपण बसू शकतो. आग शमली होती, फोड सुकत होते. याचे श्रेय त्यांनी आसगावच्या हवेला दिले आणि जवाहरनगरच्या पाण्याविषयी एक निवेदन मनात तयार केले. त्यात सात मुद्दे होते. चौथ्या दिवशी सकाळी कपडे वाळले. टेकचंदांनी धोतर सोडून आपली चड्डी घातली. दुपारच्या जेवणाला ते पाटावरून उठले आणि म्हणाले, "माझ्या वाटणीचं उभ्यानंच वाढ, काकी."

काकी बोडीवरून नुकतीच परतली होती. बोडी म्हणजे गावामागचे लहान तळे. उरलेले कपडे ती तेथे धुऊन आली होती. तिने ओल्या टोपलीतून एक चड्डी काढली, आतली बाजू बाहेर केली आणि उजेडात धरली.

"टेका, हे काय लिवलं बापू?"

"पत्ता आहे, काकी."

"कोनाचा?"

"माझा. क्वार्टरचा."

"चड्डी हरपली तं थे एकटी घरी येते का?" काकीने अक्षरांवरून नख फिरवले, मग नाकाशी नेले. तिचा चेहरा बदलला. "बिब्बा आहे हा."

"धोब्यांची तीच पद्धत आहे. मी फक्त मजकूर वाढवला."

काकी खाली बसली. "तुले आठवत नाही? सात वर्साचा होतास. बिब्ब्याच्या झाडाखाली खेळाले गेला आन् तोंड भोपळ्यावानी सुजलं. तीन दिवस डोळे उघडले नाही. सारं गाव पाहाले आलं होतं. तुह्या मायनं शपथ घातली होती का या पोराले झाडाखालूनबी नेऊ नका. तुले उतते बिब्बा." ती थांबली. "आता कुठी उतला?"

काकीने चड्डीकडे पाहिले. पत्त्याकडे पाहिले. मग टेकचंदांकडे.

"नको सांगू," ती म्हणाली. "पत्त्यावरून समजलं."

टेकचंदांना एकदम सगळ्या चड्ड्या जाळून टाकाव्याशा वाटल्या. सतरा वर्षांची शुद्ध भाषा गळून पडली. "मले काडीपेटी दे, काकी."

"जाळू नको बावा. धुरानं अजून उतते. गाड जमिनीत." तिने शिंक्यावरून खोबरेल तेलाची बाटली काढून दिली. "हे लाव दोन वक्त. वरून खोबरं खा. आन् धोतरावरच जा घरी. कोनी हासलं तं हासू दे."

कोणी हसलेही. काकांच्या धोतरात, हातात पिशवी आणि बाटली घेऊन टेकचंद पोळ्याच्या आदल्या दिवशी जवाहरनगरच्या स्टँडवर उतरले, तेव्हा भैय्यालाल म्हणाला, "पाठ कशी आहे जी?" टेकचंद थेट क्वार्टरकडे वळले. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती, आणि ती दारातच दिसली. रत्नाबाईंची ट्रंक बांधून ठेवली होती.

"दिघोरीची बस सकाळी सातची आहे," रत्नाबाई म्हणाल्या. हे सहा दिवसांनंतरचे पहिले वाक्य होते.

"जा. पण आधी ऐकून घे. बस."

"मी उभीच बरी."

टेकचंदांनी पिशवीतून एक चड्डी काढून टेबलावर पसरली, आतली बाजू वर. पुरण्याआधी एक पुरावा राखून ठेवणे हे त्यांच्या रक्तातच होते. फूटपट्टी घेऊन ते उभे राहिले, आणि आयुष्यातली सर्वांत लांब टिप्पणी त्यांनी तोंडी सादर केली. आषाढातला तो मंगळवार. भैय्यालालची चड्डी. समाज. श्यामलालचा इशारा, जो आपण ऐकला नाही. सात वर्षांचे वय, बिब्ब्याचे झाड, भोपळ्यासारखे तोंड. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर. दिवसातून दोनदा पत्ता. फूटपट्टी 'जि. भंडारा' वर टेकवून ते म्हणाले की यात नागपूर कोठेही येत नाही. पत्त्याच्या एका ओळीच्या हौसेपायी पाच टेबलांनी आपली बदनामी वाचली, ती सोसली. पण घरातले ताट मुके झाले, ते सोसले नाही. एवढे बोलून त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि बायकोने आता काय म्हणावे याची वाट पाहू लागले. त्यांची अपेक्षा फार नव्हती. दोन शब्द चालले असते. डोळ्यांत पाणी आले असते तरी त्यांनी ते मंजूर केले असते.

रत्नाबाई बराच वेळ त्या टेबलावरच्या अक्षरांकडे बघत होत्या. एकदा त्यांनी कमरेचा पदर उगाच सारखा केला.

"परकरावरबी हाच पत्ता टाकला होता ना?" त्यांनी हळूच विचारले.

"हो. नियम सगळ्यांना सारखा."

"नाडीच्या खालीच?"

"मधोमध," टेकचंद म्हणाले, आणि तेथे थांबले. त्यांना ओट्याशी उभ्याने घेतलेली जेवणे आठवली. दोनदोन आंघोळी आठवल्या. आपल्याकडून आपल्या बायकोला काय लागले असे ती इतके दिवस समजत होती आणि तरी सकाळ-संध्याकाळ वाढत होती, हेही त्यांना हळूहळू समजले.

रत्नाबाईंनी ट्रंकेची दोरी सोडली. मग हात पुढे केला.

"बोलनं झालं असन तं थे तेलाची शिशी इकडं द्या," त्या म्हणाल्या. "आन् जरा तिकडं तोंड करा."